रॉड, पाना आणि बोटं

मागच्या शुक्रवारी रात्री आमच्या गल्लीत कोणालाच झोप मिळाली नाही. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी घरी आलो होतो, औरंगपुऱ्यात. बॅग ठेवली, जेवलो, आणि साडेदहाला मागच्या बोळात दोन ट्रक रिव्हर्स घेत घुसले. बाबा म्हणाले, "बोअरवाले आले." दिवसा औरंगपुऱ्यात असली गाडी आणायची म्हणजे भाजीमंडईपासून गुलमंडीपर्यंत सगळं ठप्प, त्यामुळे बोअर रात्रीच मारायचा असं ठरलं होतं.

आमच्या बिल्डिंगचा जुना बोअर एकशे ऐंशी फुटांचा. गेली दोन वर्षं तो एप्रिलपासून नुसती हवा टाकायचा. मग मीटिंग, मग वर्गणी, मग पाणाड्या. त्याने तळहातावर नारळ आडवा धरून पार्किंगभर फेऱ्या मारल्या आणि नारळ उभा राहिला तिथे चुन्याची फुली मारली. (फुली बरोब्बर तिथेच पडली जिथे ट्रक उभा राहू शकत होता. भूगर्भशास्त्राला असं सहकार्य करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.)

असो. झोप येणार नव्हतीच, म्हणून चहाचा थर्मास घेऊन खाली गेलो आणि पहाटेपर्यंत तिथेच उभा राहिलो. हा लेख त्या रात्रीचा आहे, पण खरं तर त्या मशीनवरच्या एका छोट्याशा कामाच्या इतिहासाचा आहे. ते काम म्हणजे रॉड सोडवणं.

ज्यांनी बोअर मारताना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका ट्रकवर उभा मास्ट, दुसऱ्यावर रॉड, डिझेल आणि पोरांचं सगळं बिऱ्हाड. जमिनीत जातो तो हॅमर. हवेच्या दाबावर चालणारा, आणि तो रॉडच्या सगळ्यात खालच्या टोकाला असतो. म्हणजे ठोका वरून नाही, तळाशीच बसतो. म्हणून तीनशे फुटांवरही त्याचा जोर कमी होत नाही. रॉड पोकळ असतात, त्यातून हवा खाली जाते आणि दगडाचा भुगा बाहेरच्या बाजूने वर फेकला जातो. एक रॉड साधारण वीस फुटांचा, दोन्ही टोकांना आटे. वीस फूट खाली गेलं की वरचं फिरणारं डोकं रॉडपासून सोडवायचं, नवा रॉड जोडायचा, पुन्हा सुरू. बोअर संपला की हेच सगळं उलट.

आता हिशोब करा. तीनशे फुटांच्या बोअरला पंधरा रॉड. जाताना चौदा वेळा डोकं सोडवायचं. येताना प्रत्येक रॉड खालच्या रॉडपासून सोडवायचा आणि मग डोक्यापासूनही. एका बोअरला चाळीसच्या वर जोड उघडावे लागतात. रात्रीत दोन बोअर मारले तर ऐंशी. सगळा गोंगाट आणि धुरळा खोदताना होतो म्हणून आपल्याला वाटतं धोका तिथे आहे. खोदताना हेल्पर पोरं बाजूला बसून बिड्या ओढत असतात. ती मशीनला हात लावतात तो या ऐंशी वेळांना.

साधारण एक वाजता एक जोड अडकला. ऑपरेटर तिरुचेंगोडच्या बाजूचा होता, सगळे त्याला अण्णा म्हणत होते. त्याने डोकं उलट फिरवून पाहिलं, जोड हलेना. मग एका पोराने चार फुटी पाना आणला, वरच्या रॉडला लावला आणि पान्याचा दांडा मास्टच्या पायाला टेकवला. अण्णा ओरडला, "हाथ!" पोराने हात काढला, अण्णाने लीव्हर ओढला, दांडा मास्टवर असा आपटला की आमच्या खिडक्या हादरल्या. जोड सुटला. पोरगं पाना काढायला पुढे झालं तेव्हा त्याच्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही अर्धी.

नंतर चहा देताना विचारलं. छत्तीसगडचा, बावीस-तेवीसचा असेल. म्हणाला, "पिछले साल, दूसरी गाड़ी पे. पाना घूम गया." एवढंच. जणू कोणी विचारलं, लॅपटॉप कसा बिघडला, आणि आपण म्हणालो, पाणी सांडलं.

मला हे डोक्यातून जाईना. पुण्याला परत गेल्यावर आठवडाभर मिळेल ते वाचत बसलो.

पहिली गोष्ट म्हणजे हा अपघात जुना नाही. आपल्याकडे शेकडो वर्षं पाणी हाताने काढलं. आड, विहिरी, बारवा. याच शहराला मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर-ए-अंबरी दिली, जमिनीखालून खापरी नळांतून पाणी आणणारी, पंप-बिंप काही नाही. हाताने खोदताना माणसं दरडीखाली गेली, सुरुंगात गेली, पण रॉडच्या आट्यात कोणाचं बोट अडकलं नाही कारण रॉडच नव्हते. त्यानंतर जी दोरीवर चालणारी ठोक-मशीनं आली त्यांत जड छिन्नी दोरीला टांगून वर-खाली आपटत असत. आपल्या काळ्या पाषाणात त्याला एकेका बोअरला आठवडे लागायचे. पण दोरीला आटे नसतात. छिन्नी बाहेर काढायची तर दोर गुंडाळायचा, संपलं. वीस-वीस फुटांवर जोड उघडत बसायची भानगड वेगाबरोबर आली.

आणि तो वेग आपल्या भागात कुठून आला हे मला माहीतच नव्हतं. जालन्यातून! औरंगाबादहून साठेक किलोमीटर. साठच्या दशकात तिथे चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनची मंडळी गावोगावी पिण्याच्या पाण्यासाठी बोअर मारत होती. १९६७ मध्ये बिहारच्या दुष्काळात युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी कठीण खडकाची ड्रिलिंग यंत्रं विमानाने भारतात आणली आणि सरकारी पातळीवर सगळ्यांना कळलं की ज्याला आठवडे लागत होते ते काम एक-दोन दिवसांत होतं. मग आला १९७२ चा दुष्काळ. तो काय होता हे तुमच्या आजीला विचारा, मी लिहून सांगण्यात अर्थ नाही. लाल मिलो, खडी फोडायची कामं, आणि गावात पहिल्यांदा दिसलेलं बोअरचं मशीन. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी सगळीकडे नसतं. मुरमात, मांजऱ्यात, भेगांत, दोन थरांच्या मधल्या सांदीत असतं. विहीर तिथवर पोचतेच असं नाही. बोअर पोचतो.

पण बोअर मारून पाणी वर येत नाही, त्यावर पंप लागतो. आणि इथे गोष्टीला एक वळण आहे जे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीला बसवलेले हातपंप बिडाचे होते, मूळचे एका घराने वापरायचे. इथे त्यावर अख्खं गाव तुटून पडायचं, पंप महिन्याभरात मोडायचा. जालन्याच्या मिशनच्या कारखान्यात त्यावर उपाय म्हणून पोलादी पंप बनला, जालना पंप. त्यातून सुधारत सोलापूरला आणखी दणकट पंप तयार झाला, एकाच बिजागरीचा, साखळीने दांडी ओढणारा. १९७४-७५ च्या सुमारास देशभरातल्या हातपंपांची पाहणी झाली आणि आकडा आला की बसवलेल्यांपैकी सुमारे पाऊण पंप बंद आहेत. त्या आकड्याने सगळे हादरले. युनिसेफ, सरकार, मद्रासची कंपनी, संशोधन संस्था सगळे एकत्र बसले, सोलापूरच्या पंपाचा पाया घेतला आणि इंडिया मार्क टू बनवला. त्याचं भारतीय मानकही लगेच आलं. आज तो आफ्रिकेतही दिसतो. आपण शाळेत ज्याच्या दांडीला लोंबकळायचो तो हाच.

म्हणजे बघा, मोडलेले पंप कोणीतरी मोजले, म्हणून पंप सुधारला. त्याच बोअरवर, त्याच वर्षांत, मोडलेली बोटं कोणी मोजली नाहीत.

दुसरं उदाहरण. जुलै २००६ मध्ये कुरुक्षेत्राजवळ प्रिन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला. दोन दिवस सगळी चॅनलं लाइव्ह, अख्खा देश टीव्हीपुढे, आणि तो जिवंत बाहेर आला. पुढेही असे अपघात होत राहिले आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने उघड्या बोअरबद्दल नियम घालून दिले: कुंपण, फलक, तोंडाला झाकण, पूर्वसूचना. योग्यच झालं. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा बोअरच्या मशीनची नोंदणी करायला सांगतो आणि खोल विहिरींवर बंधनं घालतो, कारण तिथे भूजलाची पातळी मोजली जाते. दोन्ही ठिकाणी काळजी भोकाची आहे. भोकाच्या कडेला उभं राहून पाना धरणारा माणूस या चित्रात कुठेच नाही.

आता थोडं तांत्रिक. आपल्या लोकांना हे आवडेल, ज्यांना नाही आवडत त्यांनी दोन परिच्छेद सोडावेत.

जोड इतका घट्ट का बसतो? खोदताना रॉड सतत एकाच दिशेने फिरतात, घट्ट व्हायच्या दिशेने. वर हॅमरचे धक्के. त्यात बिट भेगेत अडकला की खालचं टोक थांबतं आणि वरून मोटर पिळतच राहते. तेवढ्या एका क्षणात जोड हवा त्याच्या कितीतरी पट आवळला जातो. आट्यांना ग्रीस नसेल, वर दगडाची बारीक पूड असेल, तर विचारूच नका. माणूस एक मीटरच्या पान्यावर चाळीस किलोचा जोर लावेल, म्हणजे साधारण चारशे न्यूटन-मीटर. मशीनचं डोकं काही हजार लावतं. समजा चार हजार. तर तोच एक मीटरचा दांडा मास्टवर चारशे किलोने आपटतो. मध्ये बोट असेल तर त्याचं काय होईल हे मी लिहीत नाही.

आणि खरी गंमत (गंमत कसली) ही की इथे दोन माणसं आहेत. एकाच्या हातात लीव्हर, दुसऱ्याच्या हातात पाना. लीव्हरवाल्याला धुरळ्यात पानेवाल्याचा हात नीट दिसत नाही, कॉम्प्रेसरच्या आवाजात ऐकूही येत नाही. दोघांमध्ये ठरलेला एकच शब्द, "हाथ!" त्याचा अर्थ काय? हात काढ, की हात काढलास ना? त्या रात्री मी तो दोन्ही अर्थांनी ऐकला. आपण ऑफिसात याला रेस कंडिशन म्हणतो आणि त्याने डेटाबेस बिघडला तर दुसऱ्या दिवशी त्यावर दोन तासांची मीटिंग घेतो, कोणाला दोष न देता कारण शोधतो, पुन्हा घडू नये म्हणून कोड बदलतो. इथे कोड तोच राहतो, पोरगं बदलतं.

धोका फक्त पान्याचाच नाही. खालचे सगळे रॉड एका काट्यावर टांगलेले असतात. रॉडच्या टोकाजवळ दोन सपाट खाचा असतात, त्यांत तो काटा बसतो. तो नीट बसला नाही, किंवा भलताच जोड आधी सुटला, तर खालचा सगळा लोंबता भार निसटतो. रॉडच्या आत हवा कोंडलेली असेल आणि ती न सोडता जोड उघडला तर पूड तोंडावर उडते. फिरत्या रॉडमध्ये गमछा अडकतो. हॅमरचा बिट अडकला की त्यावर घणाचे घाव घालतात, त्याच्या कपच्या डोळ्यात जातात.

हे सगळं जगाला नवीन नाही. तेलवाल्यांनी याची किंमत आधीच मोजली आहे. १० जानेवारी १९०१ ला टेक्ससमधल्या स्पिंडलटॉपला तेलाचा फवारा उडाला आणि दोरीची मशीनं मागे पडून फिरत्या रॉडचा जमाना सुरू झाला. तिथले कामगार रॉडभोवती साखळी गुंडाळायचे आणि मशीनने ती साखळी ओढायची, म्हणजे रॉड भराभर फिरून आट्यात बसायचा. साखळी आणि पाइपमध्ये बोट आलं की गेलं. तेलाच्या विहिरींवर जुन्या माणसाची ओळख त्याच्या कमी बोटांवरून पटते असा विनोद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सत्तरच्या दशकात तिथे एक मशीन आलं, लोखंडी हातांचं, जे स्वतःच खालचा रॉड धरतं, वरचा पिळून सोडवतं. माणूस लांब. म्हणजे आपल्याकडे गावोगाव बोअर सुरू झाले त्याच दशकात तिकडे जोड उघडायच्या जागेवरून माणसाचा हात काढायला सुरुवात झाली होती. युरोपात ड्रिलिंग मशीनच्या सुरक्षिततेचं स्वतंत्र मानक १९९५ मध्ये आलं, २०१४ मध्ये त्याची जागा नव्याने घेतली. फिरत्या रॉडभोवती पिंजरा आणि पिंजरा उघडला की मशीनचं फिरणं बंद किंवा अगदी हळू, ही त्यातली मूळ कल्पना.

पाण्याच्या बोअरला एवढं मोठं काही लागतही नाही. टेबलापाशी खालचा रॉड घट्ट धरणारा जबडा आणि वरचा जोड पहिल्यांदा 'तोडून' देणारा एक हायड्रॉलिक सिलिंडर, बस. पहिला इंचभर जोड सिलिंडरने ढिला केला की पुढे डोकं अलगद सोडवतं. तेही नसेल तर प्रत्येक रॉडला आटे पुसून ग्रीस. अडकलेला जोड डोक्याच्या जोराने नाही, हळू सोडवायचा. पाना साखळीने मास्टला बांधलेला, म्हणजे सुटला तरी उडणार नाही. हवा आधी सोडायची. आणि सगळ्यात स्वस्त उपाय: हुकूम लीव्हरवाल्याने नाही, पानेवाल्याने द्यायचा. तो दोन पावलं मागे येऊन दोन्ही हात वर करून दाखवेल, तेव्हाच लीव्हर हलेल. याला शून्य रुपये लागतात. प्रत्येक वेळी पाच सेकंद लागतात.

आणि तेच अडतं. बोअरचं बिल फुटावर असतं. दर किती फुटाला, केसिंग किती, हेच आमच्या मीटिंगमध्येही चाललं होतं, आणि फुटामागे पाच रुपये कमी करून घेतल्याबद्दल सेक्रेटरीकाकांचं कौतुक झालं. (टाळ्या वाजवणाऱ्यांत व्हिडिओ कॉलवर मीही होतो.) खोदताना फूट वाढतात. रॉड सोडवताना एक फूटही वाढत नाही, नुसता वेळ जातो. सगळी घाई मग तिथेच होणार.

बोट गेल्यावर काय मिळतं तेही पाहिलं. १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा, जो आता २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, त्यात प्रत्येक बोटाची टक्केवारी आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरायचं. तर्जनी १४. मधलं बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. एका पेरापुरतं मधलं गेलं तर ७, अनामिकेचं ५. बोअरवेल खोदणारे या कायद्यात येतातही. पण छत्तीसगडचं पोरगं, तामिळनाडूची गाडी, मालक तिसरीकडे, काम मराठवाड्यात, हजेरी वहीत किंवा तीही नाही. दावा कुठल्या जिल्ह्यात करायचा इथपासून सुरुवात. त्या पोराला मी विचारलं, काही मिळालं का? म्हणाला, दवाखान्याचा खर्च आणि घरी जायचं भाडं. मग तीन महिन्यांनी दुसऱ्या गाडीवर.

पहाटे साडेचारला दोनशे ऐंशी फुटांवर पूड ओली झाली. तीनशेवर पाणी उसळलं, सगळ्या गॅलऱ्यांमधून लोक बाहेर आले. दीड इंच, अण्णा म्हणाला. काकांनी नारळ फोडला (हा दुसरा नारळ). मग पंधरा रॉड परत काढायचे होते. मी अण्णाला विचारलं की या गाडीला जोड तोडायचा सिलिंडर नाही का. त्याने मास्टच्या बुडाशी बोट दाखवलं. तिथे सिलिंडर बसवायचे दोन कान होते, रिकामे, आत ग्रीसवर धूळ साचलेली. "सील गया था. निकाल दिया. पाना जल्दी होता है."

रॉड निघायला लागले. चौथा पुन्हा अडकला. पोराने पाना लावला, दांडा मास्टला टेकवला, आणि मग मी रात्रभर ज्याकडे लक्ष दिलं नव्हतं ते पाहिलं. पान्याच्या टोकाला त्याने हातभर लांब नायलॉनची दोरी बांधलेली होती. पाना जागेवर पकडून ठेवायचा तर तो आता दांडा धरत नव्हता, लांबून दोरी ताणून धरत होता. बाकीचे दोघे थेट दांडाच धरत होते. मी म्हटलं, दोरी फिरत्या रॉडला गुंडाळली तर? त्याने मूठ उघडून दाखवली. दोरी हाताला गुंडाळलेली नव्हती, नुसती तीन बोटांत धरली होती. "छोड़ देता हूँ," तो म्हणाला.

साडेसहाला गाडी निघाली. पुढचा बोअर हर्सूलला होता.